डंगवर्थचे पाच चाकू

मंगळवार, ४ मार्च २००३

लेन खोटारडा आहे. माझा सख्खा भाऊ, ब्याऐंशी वर्षांचा घोडा, आणि धडधडीत खोटारडा!

वाचनालयाच्या वरच्या खोलीत जुने चाकू जमवणाऱ्यांची सभा होती. तीस-पस्तीस टकली आणि एक मी. समोर हिरव्या कापडावर मिस्टर पिकरिंगचे घडीचे पाच चाकू. पात्याच्या बुडाशी शिक्का — डंगवर्थ, शेफील्ड. आमच्या बाबांचा. पिकरिंग दातांचा डॉक्टर होता, आता रिकामा. वीस वर्षं हेच गोळा करतोय. म्हणाला, ‘हे ज्यांनी घडवले ते आज आपल्यात बसलेत.’

आणि लेन उठला! टाय लावून, काठी टेकत. ‘बाबांचे हात चालेनात, तेव्हा बाकड्यावर मीच बसायचो.’

टाळ्या!

मी बसायचे. मी! लेन चौदाव्या वर्षी ट्रामच्या कचेरीत चिकटला तो पेन्शन घेऊनच बाहेर पडला. जन्मात कधी कानस धरली नाही त्यानं. धरली असेल तर पायाची नखं घासायला.

अडतीस साली बाबांचे हात थरथरायला लागले. मी चौदाची. बाबा दाराला आतून कडी घालायचे, शेजारच्या कारागिरांना दिसू नये म्हणून. ‘पोरीनं जोडलेला चाकू कोण घेईल?’ नऊ वर्षं त्या कडीमागे काढली. त्या पाचही चाकूंच्या पाठीवर, स्प्रिंगवर जी पानांची वेल कोरलीय ती माझी आहे.

दोन रांगा पुढे होता. एकदाही मागे वळून बघितलं नाही. माहीत होतं ना, मी बसलेय ते!

बुधवार, ५ मार्च

काल पॅनकेकचा मंगळवार, लेंटच्या उपासांआधी घरोघरी पॅनकेक करायचा दिवस. पीठ भिजवून गेले होते. आज मोरीत ओतलं.

शुक्रवार, ७ मार्च

लेनला फोन केला. तीन दिवस दम धरला, हेच खूप.

‘काय गं फ्लॉरी, आवडलं का माझं भाषण?’

‘लाज वाटत नाही?’

म्हणतो, ‘अगं, नाव डंगवर्थचंच लागतंय ना? घरचं घरातच राहिलं.’

‘मी पण डंगवर्थच होते.’

‘होतीस. आता शिमवेल आहेस.’ वर हसला! ‘आणि ह्या वयात काय करणार आहेस नाव घेऊन? शवपेटीला लावणार?’

फोन आपटला. कानाची पाळी अजून दुखतेय, इतका दाबून धरला होता.

रविवार, ९ मार्च

सकाळच्या जुन्या बाजारात गेले. गाड्यांच्या डिकीत मांडलेले तुटके दिवे, बाहुल्या, बशा. पावसाची भुरभुर. तीस वर्षं मी दर रविवारी हेच करतेय. लोकांना वाटतं म्हातारीला भांड्यांचा नाद आहे. मी चाकू शोधते. माझे.

बाबा गेल्यावर लेननं सगळा माल पेटीसकट उचलून विकला. मला विचारलंसुद्धा नाही. तेच आता एकेक करून परत आणतेय. बिस्किटांच्या डब्यात एकवीस आहेत. फलाटीनच्या तुकड्यात गुंडाळून, तेलाचं बोट लावून.

आज एक मिळाला. माझा नाही, दुसऱ्याच कुणाचा, खूप जुना. हरणाच्या शिंगाची मूठ, धरून धरून साबणासारखी गुळगुळीत झालेली. पातं घासून घासून निम्मं राहिलंय. पण उघडला, मिटला — कट्ट! शंभर वर्षांनीही तोच आवाज. कुणी जोडला असेल देव जाणे. त्याच्या स्प्रिंगला हात लावताना मनातली आग जरा खाली बसली.

घरी आले आणि परत चढली. आठवलं, तो विकणारा म्हणाला होता, ‘आजी, नवऱ्यासाठी घेताय का?’

मंगळवार, ११ मार्च

पिकरिंगच्या घरी जाऊन आले. दोन बस बदलून, चढ चढून. त्यानं चहा दिला, आल्याचा केक दिला, आणि माझ्याकडे दात किडलेल्या पोराकडे बघावं तसं बघत राहिला.

‘मिसेस शिमवेल, तुमच्या भावानं मला सगळं सविस्तर सांगितलंय.’

‘स्प्रिंगला पाणी कसं देतात ते सांगितलं? विचारा त्याला. म्हणेल नळाखाली धरतात.’

तो हसला नाही. तेव्हा मी सांगितलं. कुणालाही सांगितलं नव्हतं आजवर, हॅरीलासुद्धा नाही. नवरा असूनही नाही. प्रत्येक चाकू जोडताना, बाबा शिक्का तपासण्यात गुंतले की मुठीच्या आतल्या पितळी पत्र्यावर मी सुईनं एक एफ ओढायचे. फ्लॉरीचा एफ. मग खिळे ठोकले की संपलं, कुणाला दिसायचा नाही.

पिकरिंगचा चेहराच उतरला. ‘म्हणजे चाकू उघडावा लागेल? खिळे काढले की त्याची किंमत...’

‘खिळ्याला हात लावू नका! तुम्ही दातवाले ना? तो दांड्याचा छोटा आरसा कुठाय? पातं उघडा, फटीत आरसा घाला, बॅटरी मारा.’

हे ऐकल्यावर मात्र तो पहिल्यांदा नीट सरसावून बसला. म्हणाला, शनिवारी लेनलाही बोलावतो, त्याच्यासमोरच बघू. बोलव!

एक अडचण. शिंपल्याच्या मुठीचा जो आहे, पाचांतला सगळ्यात देखणा, तो उद्या सकाळी गावच्या संग्रहालयात जातोय. नव्या कपाटात मधोमध. लेनच्या नावाची पाटी छापायला गेलीय. पिकरिंग सोमवारी आरसा घेऊन तिथेच जाऊन बघणार.

मी म्हटलं, तो नाही बघितला तरी चालेल. तो तर मी अंधारातही ओळखीन. शिंपला घासताना तडकतो, श्वास रोखून घासावा लागतो. हाताला अजून आठवतंय.

‘तो मला जरा जुना वाटतो,’ पिकरिंग म्हणाला. ‘पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा.’

‘तुम्ही दात बघा,’ म्हटलं.

निघताना विचारतो, ‘तुमच्या आईला माहीत होतं का, तुम्ही काम करत होता ते?’

माहीत होतं, पण तिला कळत काय होतं? बाबांशी लग्न व्हायच्या आधी ती त्यांच्याकडे चाकू पुसून कागदात गुंडाळायला होती, एवढंच. चहा घेऊन यायची आणि माझ्या खांद्यावरून बघत उभी राहायची. ‘पान जाड झालं गं.’ मी म्हणायचे, तुझं तू कपड्यांचं बघ.

गुरुवार, १३ मार्च

झोपच नाही. मनात लेनशी भांडतेय आणि जिंकतेय. प्रत्येक वेळी जिंकतेय!

शनिवार, १५ मार्च

दिसला!

पहिल्याच चाकूत. पिकरिंगनं आरसा आत घातला, बॅटरी धरली, तोंडातल्या तोंडात ‘अरे देवा’ म्हणाला. आरशात म्हणून उलटा, पण एफ. चौसष्ट वर्षांचा माझा एफ, कालच ओढल्यासारखा चकचकीत! दुसऱ्यात आहे. तिसऱ्यात वाकडा आहे, त्या दिवशी बोट कापलं होतं. चौथ्यातही आहे.

लेन खुर्चीत खाली खाली जात होता. पिकरिंग म्हणाला, ‘मिस्टर डंगवर्थ?’

‘बेरिल गेल्यापासून मला कुणी काही विचारत नाही हो,’ लेन म्हणाला. बेरिल म्हणजे त्याची बायको. ‘ह्या लोकांनी खुर्ची दिली, चहा दिला. विचारलं, डंगवर्थचे चिरंजीव का? हो म्हटलं. मग विचारलं, हे तुम्हीच केलेत का? मी तेव्हाही हो म्हटलं. मग मागे कसं यायचं ते कळेना.’

रडला. मला दया आली नाही. आली असती तर लिहिलं असतं.

मी म्हटलं, ‘मी नऊ वर्षं कडीमागे होते, लेन. तू मला आणखी पंचावन्न वर्षं तिथेच ठेवलंस.’

पिकरिंगनं वहीत लिहून घेतलं — पाचही चाकू, फ्लॉरेन्स शिमवेल, पूर्वाश्रमीची डंगवर्थ. म्हणाला, पाचवा सोमवारी बघतो, आता तो नुसता उपचार. संग्रहालयाची पाटी बदलायला सांगतो.

लेननं काठी शोधताना माझ्याकडे हात पुढे केला. मी कोटाची बटणं लावत राहिले. घरी येऊन बटाटे उकडून खाल्ले, लोणी जरा जास्तच घातलं. चांगले लागले!

सोमवार, १७ मार्च

पिकरिंगचा फोन संग्रहालयातून. शिंपल्याच्या चाकूत एफ नाही. दोन अक्षरं आहेत, सुईनंच ओढलेली, तशीच, त्याच जागी. ए आणि एच.

‘कोण असेल हो ही व्यक्ती, मिसेस शिमवेल? तुम्हाला काही अंदाज?’

‘ठाऊक नाही,’ म्हटलं आणि फोन ठेवला.

आईचं ‘पान जाड झालं गं’ कानात वाजत राहिलं. मग परत लावला.

‘लग्नाआधीचं नाव आहे,’ म्हणाले. ‘आमच्या आईचं. एडा हॉइल. नीट लिहून घ्या.’