खाट नंबर सात आणि आगीची रंगीत तालीम

सोमवार, ९ डिसेंबर. सकाळी.
सूनबाई मंगला, काल मला दवाखान्यात सोडलंस आणि माझ्याच चपला घालून घरी लोणखेड्याला गेलीस. तुझ्या डोक्याचा भरवसा नाही, म्हणून रोजचं लिहून ठेवतेय. मी सांगते, शेजारच्या खाटेवरची शमा लिहिते. तिचं अपेंडिक्स काढलंय, हात शाबूत. माझा पाय प्लास्टरात, तोंड शाबूत.
शुक्रवारी इथे आगीची रंगीत तालीम. सारंगखेड्याची यात्रा आली, दवाखाना तयार पाहिजे. ठरवलं, यांना मीच तयार करणार.

मंगळवार.
ट्रेनिंग झालं. दारातून सगळं दिसतं. आधी सह्या, मग समोसे, मग पडद्यावर चित्रं. चित्रांपर्यंत तिघे उरले.
सीमा सिस्टरला विचारलं, आग विझवायचा लाल सिलिंडर कुठाय? म्हणाली, कपाटात, कुलपात. नवा आहे, कोणी नेला म्हणजे?
पन्नाशीच्या वॉर्डबॉय भरतला दम दिला. म्हणाला, "आजी, तुले पहिले उचलसू." माझी छाप पडली.

गुरुवार.
स्ट्रेचरवर पाहुण्यांच्या खुर्च्या रचल्यात. उद्या काढतील. मला काळजी नाही. नवं लुगडं नेसणार, फोटोत मीच.

शुक्रवार. दुपारी.
धूर खरा वाटावा म्हणून ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हर भटूने मिरचीची रिकामी पोती पेटवली. नंदुरबारच्या मार्केटातून फुकट आणलेली. वारा फिरला, सगळा ठसका वॉर्डात. तालीम खोटी, पळाले मात्र खरे. डॉक्टर रुमाल लावून, सीमा सिस्टर रजिस्टर घेऊन. चालते पेशंटही गेले. मी शांत. मला पहिलं उचलणार होते ना.
शमा टाके धरून उठली, ओली ओढणी माझ्या तोंडावर धरली. तू जा म्हटलं, तर म्हणे, "चुप बैठो दादी."
भरत परत आला. बघ, मी शमाला म्हटलं. त्याने चार्जिंगला लावलेला मोबाईल काढला. मग आम्ही दिसलो. "आजी, तू आजून आठेच शे?" म्हणे मी अजून इथेच कशी!

शनिवार.
सीमा सिस्टरने कौतुकाने रिपोर्ट वाचला. वॉर्ड सहा मिनिटांत रिकामा, सर्व सुरक्षित. आणि मी? म्हणाली, "आजी, यादीप्रमाणे तुम्ही केव्हाच बाहेर पडलात."
प्लास्टर अजून तीन आठवडे. यापुढे कोणाला तयार करणार नाही.
घसा सोललाय. मऊ खिचडी आणि ताक पाठव, आम्हा दोघींना पुरेल एवढं. गोड काही नको. माझी सुटका अजून कागदावरच झालीय.