फ्लिप टर्न आणि पद्मिनीचे गुडघे

३ एप्रिल, सकाळी
आजपासून स्विमिंग पूल. पद्मिनीच्या गुडघ्यांसाठी. डॉक्टरनं तिले पाण्यात चालायला सांगितलं आणि ती पाण्याले घाबरते. हात धरायला नवरा नको काय सोबत? फॅमिली बॅच घेतली. या बॅचमध्ये पुरुषाले घरच्या बाईसोबतच एन्ट्री, म्हणून पूल रिकामा असतो. पण ते कारण नाही. कारण गुडघे.

४ एप्रिल
जेंट्स बॅचमध्ये माणसावर माणूस. इथं अख्खी लेन माझी. अशा लेनमध्ये भिंतीले हात लावून, थांबून, वळणं शोभत नाही. फ्लिप टर्न शिकणार. पाण्यातच गुलाटी मारायची, दोन्ही पायांनी भिंतीले लाथ, की निघालो परत. व्हिडिओत सगळं समजलं. आठवड्याभरात होऊन जाईल.
हात उद्यापासून धरतो म्हणून पद्मिनीले सांगितलं. ती हव म्हणाली. पायरीवर बसून पाय भिजवत होती. थोडा फायदा त्यानंही होतच असेल.

९ एप्रिल
गुलाटी झाली. भिंत सापडली नाही. नाकात गेलेलं पाणी दुपारी साहेबांसमोर बाहेर आलं. फाइल ओली. साहेबांना सर्दी सांगितली.

११ एप्रिल
घरी पलंगावर प्रॅक्टिस. पलंगाची फळी मुळातच कच्ची होती.
पद्मिनी म्हणाली, पन्नाशी उलटल्यावर हे काहून करून राहिले? तब्येतीसाठी पोहणारा माणूस हात लावून वळला तर काय बिघडते? मी समजावलं की थांबलं की लय तुटते, दम वाढत नाही. तिनं फळीकडं पाहिलं. मग मी भिलाईला श्रेयसले फोन लावला. आपला पोट्टा, पण उत्तर हिंदीतच. म्हणे, पापा, कौन सा मेडल लाना है? आजकालच्या पोट्ट्यांना महत्त्वाकांक्षाच नाही.
हात धरायचं आजही राहिलं. मनाले लागतं. पण एकदा टर्न बसला की मी मोकळाच आहे.

१७ एप्रिल
बूढापारा मोहल्ल्यातल्या मीराताई आमच्याच बॅचमध्ये आहेत. रिटायर्ड मास्तरीण. आज सगळ्यांसमोर विचारलं, पद्मिनी इथं पाण्यात उतरायला येते, की तुमची एन्ट्री व्हावी म्हणून येते? मी हसलो. पोहताना मात्र ते डोक्यातून जाईना, म्हणून टर्न चुकला. सकाळी सकाळी असं बोलू नये.
येताना गाडीवर पद्मिनीनं टॉवेलची पिशवी आमच्या दोघांच्या मधे ठेवली.

२३ एप्रिल
झालं ते लिहूनच टाकतो.
पद्मिनी आज आपली आपण उतरली. मी रोज उद्या म्हणतो, म्हणून एकटीच कडेची दांडी धरून चालत माझ्या लेनपर्यंत आली. मले दाखवायला. त्याच वेळी मी तिकडून जोरात आलो आणि गुलाटी मारली. जन्मातली पहिली बरोबर गुलाटी. पाय भिंतीले नाही, तिच्या पोटाले लागले. ती पाण्याखाली गेली. मले वाटलं, भिंत आज जरा नरम आहे. खुशीत पुढं निघूनही गेलो.
वळून पाहिलं तर मीराताई तिले वर ओढून राहिल्या होत्या. ती खोकत होती. माझ्याकडं पाहिलंच नाही.

२४ एप्रिल
पद्मिनी पूलचं नाव काढू देत नाही. आज जिना बसत बसत उतरली. मी चहा केला. भाजीही केली. तिनं वरून मीठ घेतलं.
ती नाही म्हणजे मलेही एन्ट्री नाही. पण त्याचं दुःख नाही. थोडं आहे. लाज जास्त आहे.

२ मे
मीराताई घरी आल्या होत्या. आतल्या खोलीत दोघी बराच वेळ बोलल्या. पद्मिनी उद्यापासून यायला तयार! देवासमोर उभा राहून सांगितलं, फ्लिप टर्न बंद, हात धरीन. तब्येतीसाठी पोहणाऱ्याले त्या टर्नची गरजच नाही, हे तर माझं पहिल्यापासूनचं मत.

३ मे
ऑफिसातून अभनपूरची ड्यूटी लागली. रोज पहाटेच निघायचं. बदलून मागता आली असती. मागितली नाही. तिच्यासमोर पाण्यात उभं राहायची हिंमत होत नव्हती, खरं सांगायचं तर. ती मीराताईंसोबत गेली.

१९ मे
ड्यूटी संपली. आज तिच्या आधी पाण्यात उतरलो. कमरेएवढ्या पाण्यात दोन्ही हात पुढं करून उभा. पद्मिनी आली, पायरी उतरली, दांडी सोडली आणि पाठीवर आडवी झाली. तरंगत होती. डोळे मिटलेले, चेहरा एकदम शांत. इतक्या वर्षांत मी असा पाहिला नव्हता. मीराताई बाजूले, पण हात लावलेला नाही.
मी हात पुढं केला, म्हटलं, धर. डोळे न उघडताच ती म्हणाली, बाजूला व्हा, तुम्ही हात लावला की मी बुडीन.
बाजूला झालो.