फेटे हवेत असताना

सरूच्या अप्पांस,

परवा हळ्ळीखेडहून परत आले. जत्रेतली कुस्ती बघून आले. मी, स्वतः! दोन दिवस झाले, पोटात मावत नाही. सरूला उदगीरला कळवावं म्हटलं, तर ती घाबरेल, आईला काय झालं म्हणेल. म्हणून तुम्हांलाच लिहिते आहे. काल सकाळी मळ्यात तुमच्या समाधीला पाणी घातलं तेव्हाच सांगणार होते, पण बाजूला शरणप्पा भावजी औत धरून उभे होते. आणि तोंडानं बोलायला गेले असते तर रडू आलं असतं. लिहिताना तसं होत नाही, अक्षराकडे लक्ष द्यावं लागतं.

पण आधी भांडण. ते बावीस वर्षं राहिलं आहे.

दर वर्षी तुम्ही जत्रेला जात होतात आणि दुसऱ्या दिवशी घसा बसवून येत होतात. कानात माती, धोतराला माती, आणि डोक्यावर कुणाचा तरी भलताच फेटा! पहिल्या वर्षी मला वाटलं, बदलला असेल नदीवर. मग कळलं की मोठी कुस्ती निकाली झाली की सगळे गडी फेटे आभाळात फेकतात आणि खाली येईल तो उचलून घरी जातात. परक्याच्या घामाचे फेटे मी धुतले आहेत. एकाला तर तंबाखूचा वास होता, तीन पाण्यांनी गेला नाही.

आणि त्या वर्षी तुम्ही माझ्या बापानं लग्नात बांधलेला केशरी फेटा घालवून आलात. रझाकारांच्या गडबडीत दोन वर्षं जत्रा भरली नव्हती, त्यानंतरची ती पहिली. मी विचारलं, "फेटा कुठाय?" तुम्ही हसलात. भाकरी मोडत एकटेच हसत बसलात! मी म्हटलं, "एवढं काय झालं तिथं?" तर म्हणालात, "तुला न्हाई कळायचं, गौरा. ते बघावं लागतंय."

आठ दिवस मी बोलले नाही. तुम्हांला वाटलं फेट्यासाठी. फेट्यासाठी नव्हतं हो!

कारण तीच कुस्ती तुम्ही दुकानाच्या ओट्यावर बसून साऱ्या भालकीला सांगितलीत. मी आत चुलीपुढे होते, दाराची फट होती. तुम्ही हातवारे करून सांगत होतात, तुमच्या दोस्ताला, नबीसाब पिंजाऱ्यांना, खाली पाडून दाखवत होतात, लोक वाहवा करत होते. चार वेळा ऐकली मी ती. एकदा म्हणालात, पाय अडकवून पाडला. एकदा म्हणालात, मान मुरगाळून. ऐकता ऐकता माझी भाकरी करपली आणि तुम्ही जेवताना विचारलंत, "आज लक्ष कुठाय?" कुठं असणार?

मला कामून नाही सांगितलंत? मला समजलं नसतं? दुकानात पुड्या बांधायला येणाऱ्या रद्दीवर मी अक्षरं शिकले, तेव्हा तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात, आमची बायको पुडी सोडायच्या आधी कागद वाचती म्हणून. कुस्तीच्या बातम्याही वाचल्या मी. अमका जिंकला, तमका हरला, संपलं. दोन ओळी. त्यात तुमचं हसू कुठून आलं ते लिहिलेलं नव्हतं.

मग गेल्या सुगीनंतर तुमच्या छातीत कळ आली आणि तीन दिवसांत मी तुम्हांला माती दिली.

लोक भेटायला आले. एकेक जण ओट्यावर बसायचा आणि डोळे पुसत म्हणायचा, "त्या वर्षी हळ्ळीखेडला काय नाचला होता गंगप्पा!" (नाव मी लिहिते आहे, घेत नाही.) ज्यानं त्यानं तेच. तेल्यानं पाहिलेलं, शिंप्यानं पाहिलेलं, मैलूरहून आलेल्या तुमच्या कोणा व्यापारी ओळखीच्यानंसुद्धा पाहिलेलं. मी पदर तोंडाला लावून बसले होते. लोकांना वाटलं, रडते आहे. मी जळत होते! बावीस वर्षं संसार केला आणि मी तुम्हांला नाचताना एकदाही पाहिलं नाही. सरूच्या लग्नातही तुम्ही खांबाला टेकून उभे होतात. आणि हा मैलूरचा माणूस, ज्याला माझ्या घरचं पाणीही माहीत नाही, त्यानं पाहिलं?

सगळ्यांत जास्त राग नबीसाबांचा. दर वर्षी तुमच्या मांडीला मांडी लावून तेच बसलेले. पिंजाऱ्याचं काम सोडून, कापूस तसाच टाकून तुमच्यासाठी यायचे. एरवी भला माणूस, मला कळतं. पण सवत असती तरी तिच्याशी भांडता आलं असतं. यांच्याशी काय भांडू?

यंदा जत्रेच्या आदल्या दिवशी त्यांची गाडी सवयीनं आपल्या दारात थांबली. "गंगप्पा, चल" म्हणायला तोंड उघडलं असेल, मग आठवण झाली असेल. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. मी बाहेर आले आणि म्हटलं, "मी येते."

"कुठं, भाभी?"

"कुस्तीला."

"तोबा! फडात बायका न्हाई येत, भाभी. हनुमानाची माती हाय ती."

"मी मातीत कुठं उतरायलेय? तुमच्या बहिणीचं माळवद फडाला लागून हाय, तुम्हीच सांगत होता. तिथं बसते."

शरणप्पा भावजी आतून आले. "वैनी, साल बी झालं न्हाई अजून. लोक काय म्हणतील?"

"लोक कुस्ती बघायला जायलेत, भावजी. माझ्याकडं बघायला कुणाला सवड हाय?"

भावजींना उत्तर सुचेपर्यंत मी भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून गाडीत बसले होते. तुमचा भाऊ तुमच्यासारखाच, चार पावलं उशिरा बोलतो.

नबीसाबांच्या बहिणीनं, रहमतबींनी, माळवदाच्या सपाट छतावर वाळत घातलेल्या मिरच्या सरकवून मला जागा केली. माझ्यासाठी पेरू ठेवले होते. खाली बघितलं आणि आधी हसूच आलं. एवढ्याशा गोलासाठी एवढी माणसं! फेटेच फेटे. माळवदाखालचे लोक बीदर कुठल्या राज्यात जाणार, कानडीत की तेलंगीत, यावर भांडत बसले होते. एका कडेला नबीसाब बसले. शेजारची हातभर जागा मोकळी ठेवलेली. कुणी टेकायला आला की हात आडवा करून म्हणायचे, "इथं माणूस हाय." वरून ऐकू येत नव्हतं, पण ओठ कळत होते. बघा! तुमची रिकामी जागासुद्धा त्यांनीच राखायची? मला नाही दिली कुणी राखायला!

शेवटची कुस्ती चांदीच्या कड्याची. उदगीरचा एक दांडगा पहिलवान आणि औरादचा काटकुळा, काळासावळा गडी. दोघं एकमेकांच्या मानेला धरून उभे राहिले, ते उभेच. रेटायचे, थांबायचे, माती अंगाला लावायचे, परत उभे. मी मनात म्हटलं, याच्यासाठी? याच्यासाठी माझ्या बापाचा फेटा गेला? रहमतबींशी घरच्या गोष्टी बोलायला लागले.

मग कधी ते कळलं नाही, पण बोलायची थांबले. काटकुळ्याची पोटरी थरथरत होती, ती एवढ्या लांबून मला दिसत होती. माळवदाचा कठडा मी धरला होता आणि त्याची माती माझ्या नखांत गेली होती.

उदगीरच्यानं त्याला खाली घातलं. मानेवर गुडघा दिला, हळूहळू उलथायला लागला. एक खांदा मातीला लागला. कुणीतरी ओरडलं, "लागली पाठ!" आणि मैदान उठलं. लाल, पांढरे, केशरी, सगळे फेटे एकदम वर! खालचा फड दिसेनासा झाला आणि साऱ्या माणसांच्या माना आभाळाकडे.

मी मात्र फेट्यांच्या वर होते, सरूचे अप्पा. आणि कापडांच्या मधल्या फटीतून मला दिसलं. एकच खांदा लागला होता! काटकुळ्यानं त्याचा हात बगलेत दाबून धरला, टाचा मातीत रोवल्या आणि असा फिरला, जशी तव्यावरची भाकरी एका झटक्यात उलटावी. तो डोंगराएवढा माणूस उताणा! दोन्ही खांदे मातीत, तोंड आभाळाकडे, आणि तोंडावर आश्चर्य. मला डावाचं नाव माहीत नाही. पण मी उभी राहिले आणि ओरडले, "उलटला! उलटला गं बाई!" रहमतबी "या अल्ला" म्हणून डोळे गच्च मिटून बसल्या होत्या, त्यांनी काहीच पाहिलं नाही.

फेटे खाली आले. उदगीरचे लोक नाचतच होते. पंच उकिडवे बसलेले होते, त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी औरादच्या गड्याचा हात वर केला आणि नाचणारे थांबले. एवढ्या माणसांना कळेना की हे झालं कधी!

नबीसाब दुसऱ्याचाच फेटा खांद्यावर टाकून माळवदाखाली आले. "भाभी, तुम्ही वरडलात ना? तुम्ही बघितलं? कसं झालं?"

मी म्हटलं, "उद्या सांगते."

काय सुख वाटलं म्हणून सांगू! न सांगितल्याचं थोडं त्यांनीही भोगावं म्हटलं.

दुसऱ्या सकाळी गाडीत सांगितलं. दोन्ही हातांचे तळवे घेऊन, एक वर, एक खाली. त्यांनी परत सांगायला लावलं. मग मी विचारलं, "नबीभाई, खरं सांगा. त्या वर्षी, केशरी फेट्याच्या वर्षी, डाव कसा पडला होता? पाय अडकवून, का मान मुरगाळून?"

त्यांनी कासरा सैल सोडला. मग हसले. "तुमच्यापासून काय लपवू? आम्ही दोघांनीबी बघितलंच न्हाई. फेटे वर गेलते."

"मग चार वेळा सांगितलं ते?"

"गंगप्पानं बनवलं. दर वेळी नवं." मग हसू गेलं त्यांचं. "भाभी, त्या साली मी जत्रेला यायला भीत होतो. रझाकारांचा राग लोक माझ्यावर काढतील, काय म्हणतील. त्यानं मला हाताला धरून नेलं, मधोमध बसवलं. फेटा फेकला आणि मला मिठी मारून नाचायला लागला. मग बाजूचे बी नाचले. त्या दिवशी मला वाटलं, आता आपण कुठं जायचं न्हाई. इथंच राहायचं."

 गाडी निम्म्या वाटेवर होती.

तर हे होतं! तुम्ही मला सांगितलं नाहीत, कारण सांगायला डाव नव्हताच. दाराआडून मी ज्याचा हेवा केला ती कुस्ती तुम्ही पाहिलीच नव्हती. आणि हे दुसरं, जे खरं होतं, ते मला सांगायचं होतं हो. ते मला कळलं असतं. कुस्तीपेक्षा लवकर कळलं असतं. त्या फेट्यावर मी एक शब्द बोलले नसते.

हेवा गेला असं लिहिणार नाही. खोटं कशाला लिहू? मी नबीसाबांना म्हटलं, कसे नाचले होते ते तरी दाखवा. ते चालत्या गाडीत उठून दोन्ही हात वर करून दाखवायला लागले. बैल बुजले. मी म्हटलं, "बसा खाली, गाडी उलथंल!" ते बसले. थोडं दिसलं मला. फार थोडं. माझा डाव मी त्यांना दोनदा दिला, उद्या कुणी मागितला तर त्यालाही देईन. त्यांच्याकडचं तुमचं नाचणं त्यांना देता येत नाही, आणि मला मागून मिळत नाही.

शब्द देते, पुढच्या जत्रेला मी जाणार आहे. भावजींना आजच सांगून ठेवलं आहे, म्हणजे त्यांना उत्तर शोधायला वर्ष मिळेल. आणि नबीसाबांना सांगितलं आहे की तुमच्या त्या राखलेल्या जागेवर जो नवा माणूस बसायला येईल, त्याला बसू द्या. त्याच्या घरी कुणी वाट बघत असेल, तर त्याला म्हणावं, आज घरी गेल्यावर तिला सगळं सांग.

तुमचीच,
गौराबाई