ज्ञानकोठार आणि तीन नंबरचे मशीन

१ मार्च, सकाळी ९
खोक्यांच्या या कारखान्यात आजपासून माझे ‘ज्ञानकोठार’ सुरू. प्रत्येकाने आपले कसब कॉम्प्युटरवर नोंदवायचे. नोंदीस दहा गुण. मूलभूत सिद्धान्त असा, की प्रोत्साहनाशिवाय मनुष्य ज्ञान सोडत नाही. तीन नंबरचे मशीन अडले की फोरमनकाकाच लागतात आणि ते ३१ला निवृत्त होणार. तोवर त्यांची विद्या कोठारात आली तर माझी नोकरी कायम, नाहीतर नारळ. साहेब हसून म्हणाले, पण म्हणाले.

४ मार्च
काकांची नोंद शून्य. निदान: प्रोत्साहन अपुरे. वीस गुण केले. काका म्हणतात, अहो, मशीनपाशी या, पाच मिनिटांत दाखवतो. नम्र नकार दिला. तोंडी ज्ञान म्हणजे वाफ. शिवाय तिथे तेल असते.

९ मार्च
२१२ नोंदी! पॅकिंगच्या ताई आघाडीवर. नोंद ४०: ‘दार ढकलावे.’ नोंद ४१: ‘न उघडल्यास ओढावे.’ केवढी शिस्तबद्ध विचारसरणी! काका अजून शून्यावरच. गुण तीस.

१७ मार्च
काकांना ‘ज्ञानमहर्षी’ बिल्ला आगाऊ दिला. त्यांनी तो तीन नंबरच्या सैल पत्र्याखाली खोचला. खडखड थांबली. हे तरी नोंदवा म्हटले, तर म्हणाले, तुम्हीच नोंदवा की, बिल्ला तुमचाच आहे.

२४ मार्च
बायको म्हणाली, अहो, त्यांना नुसतं जाऊन विचारा ना! बिचारीचा या विषयाचा अभ्यास नाही. गुण शंभर.

३१ मार्च, दुपारी ४
निरोप समारंभ. माझ्या भाषणात, ‘प्रोत्साहनाचे सात प्रकार’ यांपैकी तिसऱ्यावर असताना, तीन नंबर अडले. काका गळ्यातला हार काढेपर्यंत ताईंनी ते चालू करून टाकले. हे कुठे शिकलात, असे विचारले. म्हणाल्या, अय्या, कुठे म्हणजे? काकांनी दाखवलं, डबा खाताखाता. आम्हा सगळ्यांना येतं. विचारलं की सांगतात हो ते!
साहेब माझ्याकडे पाहत होते.

१ एप्रिल, सकाळी १०
नारळ. जाण्यापूर्वी कोठार कसे चालवायचे ते ताईंना समजावून सांगा, असे साहेब म्हणाले. बारा वर्षांच्या अध्ययनाचे फळ असे फुकट? गुण किती, असे विचारले. साहेबांनी दाराकडे बोट केले.
ढकलले. उघडेना. क्षणभर गोंधळलो, मग नोंद ४१ आठवली.
कोठाराची उपयुक्तता निर्विवाद सिद्ध.