मिरीचा धड पाय

मंगळवार, ४ मार्च

मिरीचा पुढचा डावा पाय मोडला. तबेल्याची फरशी मी धुतली, कोरडी न करताच तिला बाहेर काढलं. घसरली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला!

डॉक्टर म्हणाले, "प्लास्टर घालता येईल. पण घोड्याला काय, माणसासारखं महिनाभर पडून राहता येत नाही. हाल होतील जिवाचे. इंजेक्शन देऊन सोडवलेली बरी." दादाने लगेच मान हलवली. सख्खा भाऊ, पण त्या क्षणी डोळ्यांसमोर नको झाला. चौदा वर्षं जिच्या पाठीवर आमच्या घोडेस्वारीच्या शाळेतली पोरं बसायला शिकली, तिचा निकाल पाच मिनिटांत?

मी म्हटलं, प्लास्टर घाला. करणारी मी आहे.

बुधवार, ५ मार्च

पोटाखालून जाड पट्टा घेऊन वरच्या तुळईला बांधलाय, म्हणजे पायांवरचा भार थोडा हलका. बाईसाहेबांना अजिबात पसंत नाही. माझ्या दंडाला कडकडून चावली. चाव बाई, तुझा हक्कच आहे.

रविवार, ९ मार्च

सगळी गाजरं खाल्ली!! मुद्दाम दादाला सांगायला गेले. "हं," म्हणाला. पेपरमधून डोकंही वर केलं नाही. तिचं खाणंसुद्धा याच्या डोळ्यांत खुपतंय.

शुक्रवार, १४ मार्च

प्लास्टर कोरडं. वर सूज नाही. दिवसातून दहादा बघते. दादाशी बोलणं बंद.

सोमवार, १७ मार्च

नालबंद सहज तिला बघायला आला. प्लास्टरकडे ढुंकूनही पाहिलं नाही — खाली बसला आणि उजव्या खुरावर तळहात ठेवला. "ताई, हे तर भाजतंय! कधीपासून?"

तेरा दिवस मोडक्या पायाची सेवा केली. सगळं वजन बिचारी धड पायावर घेत होती, आणि तिकडे माझा हात एकदाही गेला नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आणि मी म्हणे घोडेवाली.

संध्याकाळी डॉक्टरांनी एक्स-रे काढला. उजव्या खुरातलं हाड जागचं सुटून खाली सरकलंय. "आता तिला उभं राहायला पायच उरला नाही," म्हणाले. "उद्या सकाळी येतो. तोवर ठरवा."

मिरी पट्ट्यावर अंग टाकून उभी होती. गाजर पुढे केलं. तोंडात घेतलं, चावलं नाही, तसंच धरून राहिली. मी तिच्यासमोरच हमसून हमसून रडले. हे सगळं तिच्यासाठी नव्हतंच. फरशी माझ्या हातून ओली राहिली, म्हणून ती मला जगायला हवी होती.

मंगळवार, १८ मार्च

डॉक्टर इंजेक्शन भरत होते. दादाने मिरीच्या गळ्याला मिठी मारली ती सोडेचना. "अजून एक दिवस बघू या ना गं," म्हणाला.

मीच त्याचे हात सोडवले.