मुलीला घर, भावाला पहिला बाक

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकी, त्यातही मुख्यतः शवपेट्या, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल धाकट्या भावाला गेल्या वर्षीच्या नाताळपासून शंका आहे. तो खुलासा पुढे येईल. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्वस्व चर्चला दिले होते; भक्तीपोटी नव्हे, मुलीला अद्दल घडावी म्हणून.

कलम १. राहते घर आणि मागची सुतारशाळा माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिची आई गेली तेव्हा पेटी मीच केली. ती चर्चमध्ये ठेवलेली असताना मी गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत का ते तपासत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, निदान आज तरी रडा." मी म्हणालो, "चारचौघांत शोभत नाही." ती घर सोडून गेली, आणि आम्ही नऊ वर्षे बोललो नाही. चूक अर्थातच तिची होती. दर रविवारी पहिल्या बाकावर ताठ बसून मी देवालाही हेच कळवत असे. उत्तराची वाट पाहत नव्हतो.

कलम २. हत्यारे शेजारच्या चांभाराला. तीस वर्षे माझ्या पटाश्या नेऊन त्याने बोथट करून परत दिल्या. आता स्वतःच्या म्हणून बोथट कराव्यात.

कलम ३. खुलासा. गेल्या डिसेंबरात फादर चर्चमधल्या नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यातले लाकडी गाढव काखेत मारून आले. मान तुटली होती. "एक खिळा ठोकून द्या," म्हणाले. मी बसलो खरा, पण मान हलवून पाहिली तर गाढव थेट माझ्या भावासारखे दिसू लागले. खिळा बाजूला ठेवला. तार घेतली, शिशाचा गोळा घेतला, पेटीची जुनी बिजागरी घेतली. चाळीस वर्षांत प्रथमच कामाच्या नादात जेवायचे विसरलो.

नाताळच्या सकाळी भाऊ, म्हणजे चर्च समितीचे आजन्म अध्यक्ष, गोठ्याशेजारी भाषणाला उभे राहिले. दारातून वारा आला. "समितीने निःस्वार्थ सेवा केली," भाऊ म्हणाला. गाढवाने मान डोलावली. "मी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही." गाढवाने दोनदा डोलावली. मागे कुणीतरी फिस्सकन हसले, मग सगळे चर्च, मग मी. हसता हसता डोळ्यांना पाणी आले ते थांबेना. बायकोचे नाव तोंडात आले, आणि त्यामागून 'देवा', तेही मनापासून.

"हा अपमान आहे! ठोका खिळा!" भाऊ ओरडला.

फादर म्हणाले, "राहू दे हो. या चर्चमध्ये इतकं लक्ष देऊन आजवर कुणी ऐकलेलं नाही."

संध्याकाळी मुलीला फोन केला.

"कोण?"

"तुझा बाप. आज रडलो."

ती म्हणाली, "चारचौघांत?"

"दोनशे जणांत."

चौथ्या दिवशी ती बॅग घेऊन दारात उभी होती.

कलम ४. भावाला पहिल्या बाकावरची माझी जागा. मी आता मागे बसतो, तिथे मजा येते. वडिलांचे घड्याळ त्याने परस्पर उचलले होते, तेही त्याचेच. त्याचा राग सोबत नेत नाही. पेटीत जागा कमी आहे.

कलम ५. माझी पेटी तयार आहे. या डिसेंबरात मुलीने आणि मी मिळून केली. मापासाठी मी आत झोपलो, तर तिने झाकण टाकले आणि ती वर बसून निवांत चहा प्यायली. मी आतून ओरडतोय, आणि ही म्हणते, "सराव करा, बाबा!" हसून हसून आम्हा दोघांचे पोट दुखले. त्या पेटीत मी पुन्हा झोपेन तेव्हा ती वाईट जागा आहे, असे कुणी माझ्या मुलीला सांगू नये.

साक्षीदार:
१. फादर. त्यांना काहीही दिलेले नाही. म्हणूनच सही चालते, हे त्यांनी उसासा टाकून मान्य केले.
२. डॉक्टर. "शुद्धीत आहेत. पूर्वी नव्हते," असा शेरा त्यांनी स्वतःहून दिला.

ठिकाण: सुतारशाळा, खिडकीपाशी.
दिनांक: नाताळचा दुसरा दिवस.
सही: पेटीवाला