वरच्या अंगाचं पाणी

११ एप्रिल
काचेखाली काहीच नाही! गेल्या वर्षी याच दिवसांत, कारखान्याच्या सांडपाण्याच्या पाइपाखाली, ओढ्याच्या डोहात बारीक जाळी फिरवली की थेंबाथेंबात प्राणीप्लवक वळवळायचे — पिसवांएवढे, काचेसारखे, पोटातली अंडीसुद्धा दिसायची. आज तीन. तिन्ही मेलेले. आता माशांची पिल्लं खाणार काय?

१२ एप्रिल
गावभर झालं. शेजारची डार्लीन त्याच कारखान्यात पत्र्यांना मुलामा देते. कुंपणावरून म्हणाली, "रोवेना, तुझ्या त्या किड्यांपायी आम्हा साठ जणांना घरी बसवणार का गं?" म्हटलं, मी फक्त पाणी तपासते, अजून अहवालच लिहिला नाहीये. "कारखान्यावरच्या सभेची तारीख तर लागली!" — आणि दार आपटलं.

१५ एप्रिल
तुलनेसाठी पाइपाच्या वरचं, चांगलं पाणी घ्यायला गेले. तेही रिकामं! ओढ्यातूनच वर चालत राहिले. पाण्याचा खारटपणा मोजायच्या मीटरचा आकडा वाढतच होता. मीठ! कारखान्याचं काहीच नाही, नुसतं मीठ. वळणापलीकडे काउंटीच्या रस्ते खात्याची शेड — रस्त्यावरच्या बर्फावर टाकायचं मीठ तिथेच असतं. मागचा पत्रा उडालेला. ढीग उघडा. वितळलेल्या बर्फाबरोबर सगळं सरळ ओढ्यात.
शेड पपांच्या ताब्यात आहे. एकतीस वर्षं.

१६ एप्रिल
पपांकडे जेवायला. विचारायचंच, असं ठरवून गेले होते. ते आपले खुशीत — "चर्चच्या उतारावर माझ्या काळात एकही गाडी घसरली नाही, पोरी." पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. केक कोणता आणायचा, हेही ठरलंय. भांडी घासून दिली. विचारलं नाही.

१९ एप्रिल
अहवाल दिला. पाइपाखालचं पाणी घातलं. वरच्या अंगाचं — नाही घातलं. मिठाचा आकडाही गाळला. खोटं काही लिहिलं नाही. फक्त लिहिलं नाही.


२० एप्रिल
दुकानात डार्लीन दिसली. तिने तोंड फिरवलं. बरंच झालं. मला तरी कुठे तिच्याकडे बघवत होतं!

२१ एप्रिल
सभा. डार्लीनने सगळ्यांसमोर विचारलं, "वरच्या अंगाचं पाणी तपासलंस?"
"नाही," मी म्हणाले.
मागे खुर्ची सरकली. पपा!
"तपासलंय तिने. माझ्या शेडमागे गुडघाभर पाण्यात उभी होती. खिडकीतून पाहिलं मी. कधी विचारते, म्हणून वाट बघत होतो."
त्यांनी टोपी काढली.
"मीठ माझं आहे."